जमातीचा पाहुणा

"गुणे, परक्या माणसाच्या पोटात तुझ्या हातचा घास गेल्याशिवाय तुझ्या पोटात घास जाऊ द्यायचा नाही."

माझ्या सासूबाई पुतळाबाई हे बोलल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती आणि मी त्यांच्या तळपायांना सुंठ चोळत होते. मी "हो" म्हटलं. धाप लागलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेल्या. पण डोळे पुन्हा उघडून त्यांनी खुलासा केला, "परका म्हणजे शेजारची शेवंता नव्हे. ज्याचं आडनाव विचारावं लागतं तो परका." मग गेल्या.

तशी माझी व्रतं बरीच. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, दिवा लागल्याशिवाय सांजेचं बोलणं नाही, सोमवार, चतुर्थी, दोन्ही एकादश्या. ती सगळी माझ्या एकटीच्या हातातली. हे एकच व्रत असं होतं की त्याला दुसरं माणूस लागायचं.

पण लालबागच्या चाळीत तेव्हा माणसाला काय तोटा! माझे यजमान, दौलत, मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. मी खानावळ चालवायचे. खानावळीतली माणसं पैसे देतात, म्हणून ती मी धरत नव्हते. पण कुणाचा मेहुणा, कुणाचा गाववाला, नोकरीच्या शोधात नुकताच उतरलेला कुणीतरी रोज दारात उभा असायचा. मी आडनाव विचारायचे, पान वाढायचे, त्याने पहिला घास घेतला की मी मोकळी. सासूबाईंना वाटलं असेल त्याहून सोपं काम होतं.

मग संप झाला.

शिमग्याला माणसं गावी गेली ती परत आली नाहीत. खानावळ बसली. जी माणसं मागे राहिली ती दोन गोष्टी शिकली. एक, मोर्चात चालायचं. आणि दोन, जेवणाच्या वेळेला कुणाच्या दारात थांबायचं नाही. चुकून कुणी आलंच आणि मी "बसा" म्हटलं, की तो पोटावरून हात फिरवायचा. "आत्ताच जेवून आलो, वहिनी." त्याचं पोट पाठीला लागलेलं मला दिसायचं. माझ्या डब्यात किती तांदूळ आहेत ते त्याला न बघता कळायचं. दोघंही खोटं बोलायचो आणि तो निघून जायचा.

आणि मला दिवस गेलेले होते. आधीची दोन राहिली नव्हती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पापण्या ओढून बघितल्या आणि सांगितलं, "रोज दोन वेळा पोटभर जेवायचं. नाहीतर हेही राहणार नाही." मी "हो" म्हटलं.

चहा म्हणजे घास नव्हे, हे मी आणि शेवंताने मिळून ठरवलं. त्यावर मी काही दिवस काढले. भटजींना विचारलं. ते म्हणाले, गाईला किंवा कावळ्याला घातलं तरी चालेल, शास्त्रात सोय आहे. शास्त्रात असेल. पण सासूबाईंनी कावळा म्हटलं नव्हतं.

दौलत एकदा नाक्यावर गेले आणि उभ्या असलेल्या एका माणसाला म्हणाले, "चल, घरी जेवायला." त्या दिवसांत संपावरच्या माणसाला घरी बोलावून खाऊ घालणारा, तो मालकाचा दलाल. जेवू घालायचं, गोड बोलायचं आणि मागच्या गेटाने मिलमध्ये नेऊन सोडायचं, असं चाललं होतं. दौलतची कॉलर धरली, चार माणसं जमली. एकाने ओळखलं म्हणून सुटले. घरी येऊन म्हणाले, "तुझ्या सासूने संप बघितला नव्हता."

"तुमची आई," मी म्हटलं.

"तीच ती."

आमच्या चाळीमागे वेळशेत मुस्लिम जमातीची इमारत होती. वेळशेत हे आमचंही गाव, रत्नागिरीकडचं. खाडीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ते. जमातीची खाली एक मोठी खोली होती. गावाहून येणारी, मस्कत-कुवेतला निघालेली, व्हिसाची वाट बघणारी त्यांची माणसं तिथे उतरायची. वर हॉल. आमच्या मंडळाच्या गणपतीला सतरंज्या तिथूनच यायच्या. रस्त्यात कुणी पडलं, कुणाला कळा लागल्या, तर जमातीची गाडी यायची. गाडीत चढणाऱ्याला कुणी जात विचारली नव्हती. आणि जमातीनेही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

संपात जमातीने गल्लीत धान्य वाटायला काढलं. जमातीचे सेक्रेटरी इस्माईलचाचा फणसोपकर. गोदीतून रिटायर झालेले, पांढरी दाढी, आणि उन्हातही हातात छत्री. काळी छत्री, तिच्या एका काडीला पांढरं ठिगळ. आख्खी गल्ली ती छत्री ओळखायची. ते स्वतः घरोघर आले. जकातीचं धान्य तुम्हाला देता येत नाही, हे सदक्यातलं आहे, ते कुणालाही चालतं, असं त्यांनी दौलतना नीट समजावून सांगितलं. दौलतना दोन्हींतला फरक कळला नाही, पण कुणीतरी नियमाने देतंय म्हटल्यावर त्यांना घेताना जरा कमी लागलं.

पुढल्या खेपेला चाचा आले, तर आमची पिशवी निम्मीही उतरली नव्हती. त्यांनी ती हाताने तोलली.

"विकलंस काय गो?"

"विकलं असतं तर भरलेली कशी राहिली असती, चाचा?"

"ता पण खरा." ते उंबऱ्यावर बसले. "मग खात का नाय?"

मी सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. मध्येच विचारलं, "कावळा नाय चालत?"

"नाही."

"मांजर?"

"माणूस म्हणाल्या. तोही आडनाव विचारावं लागेल असा."

"पुतळावहिनी पहिल्यापासून तशीच. माझ्या निकाहात येऊन बोलली होती, बिर्याणी नको, पण तांदूळ कुठला ता सांगा." मग छत्रीची मूठ हातात फिरवत म्हणाले, "आम्ही धान्य दिला आणि बाई उपाशी. मग जमातीने दिला काय? थांब. मीटिंगमध्ये घेतो."

मीटिंगमध्ये काय झालं ते बाहेर सांगायचं नाही, असा जमातीचा नियम होता. चाचा म्हणाले, "तू विषय आहेस, तुला सांगायला हरकत नाय." आणि मला सगळं सांगितलं.

ट्रस्टी याकूब सारंग म्हणाले होते, "धान्य दिलं, ठीक. आता खाणारा पण आपणच द्यायचा?"

"हो," चाचा म्हणाले.

"हे जमातीच्या उद्देशांत बसतं कुठे?"

"मुसाफिराची सोय, यात. खाली खोलीत मुसाफिर हायत. त्यांना दुपारी जेवण लागतं. एकाचं एका घरी झालं, इतकाच फरक."

"आपलीही माणसं बेकार आहेत, इस्माईलभाई. त्यांचं आधी बघा."

"त्यांना जेवण मिळालं तर ती जेवतात. ही जेवत नाय. हिचं काम वेगळं आहे."

मग सारंगशेठनी दुरुस्ती सुचवली. पाहुण्याने आपणहून दुसऱ्यांदा मागू नये, पण बाईंनी आग्रह केल्यास नाही म्हणू नये. दुरुस्तीसह ठराव मंजूर झाला. वेळशेत मुस्लिम जमात मला रोज एक परका माणूस पुरवणार होती.

"बाळंत होईस्तोवर एक दिवस चुकणार नाय," चाचा दारात उभे राहून म्हणाले. "जमातीचा शब्द."

पहिला पाहुणा चाचांची छत्री घेऊन आला. अनोळखी माणूस बघून चाळीत कुणी अडवू नये म्हणून ती खूण. ऊन रणरणत होतं आणि हा मिटलेली छत्री उराशी धरून जिना चढला. मस्कतला सुतारकामाला निघाला होता.

"आडनाव काय?" मी विचारलं.

"दर्वेश."

"बसा."

शेवंता उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली, कारण कुणीतरी बसायला हवं होतं. दर्वेश खाली मान घालून जेवले. आमटी संपल्यावर म्हणाले, "आमच्या आयेसारखी नाय."

"बरी नाही?"

"बरी हाय. आयेची घशाला लागते. म्हणून आठवण झाली."

मी थोडं तिखट घालून दुसऱ्यांदा वाढली. आग्रह केल्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. ते हात धुवून गेले आणि कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले. शेवंता तांदळातले खडे टाकत म्हणाली, "बाई गं, तुझ्या सासूने मुसलमानांना पण कामाला लावलं."

असे ते येत राहिले. एक गेला की दुसरा. कुणी बोटीवर चढणार होता, कुणी डोळे दाखवायला आला होता, एक तर नुसता बायकोशी भांडून आला होता आणि जेवता जेवता तिचीच बाजू घेऊन बोलत होता. तळमजल्यावरच्या राधाबाईंनी दोन-चार दिवस नळावर म्हणून बघितलं, "रोज दुपारी माणूस नवा, छत्री तीच." पण शेवंताने त्यांना ठरावातली दुरुस्तीसुद्धा सांगितली, तेव्हा त्या गप्प झाल्या. ठराव झालेल्या गोष्टीबद्दल चाळीत कुजबुजता येत नाही.

एकदा तेवढा घोटाळा झाला. पाहुण्याला आडनाव विचारलं, तो म्हणाला, "चौगुले."

आम्हीही चौगुले. मी पळी हातात धरून उभी राहिले. दौलत म्हणाले, "हा परका कसा धरायचा? आमचाच भाऊबंद निघायचा." पाहुण्याला भूक लागली होती. तो म्हणाला, "तुमी ठरवा, मी बसून राहतो." शेवटी शेवंता छत्री घेऊन मागे जमातीत गेली आणि उत्तर घेऊन आली. चाचांनी सांगितलं होतं, "विचारावं लागलं ना? मग परका."

सासूबाईंचं वाक्य त्यांना माझ्यापेक्षा बरं समजलं होतं.

जून सरता सरता रमजान लागला.

चाचा आदल्या दिवशी आले आणि बसले नाहीत. "आमच्यात पोटुशीला रोजा माफ असतो. तू आमच्यातली पण नाहीस, आणि तुझाच रोजा होणार. दुपारी कोण जेवायला येईल?"

"सांजेला येऊ देत. मी थांबेन."

"डॉक्टरीण काय बोलली होती?"

दिवा लागायची वेळ झाली म्हणून मी उठले.

चाचांनी मौलवींना विचारलं. प्रवासात असलेल्या माणसाला रोजा पुढे ढकलता येतो, नंतर तो भरून काढायचा, असं शास्त्र त्यांच्यातही होतं. म्हणजे नुकताच गावाहून उतरलेला, थोडे दिवस राहून परत जाणारा माणूस दुपारी जेवू शकत होता. शास्त्रात सोय होती. पण माणसांना ती नको होती. परमुलखात निघालेला माणूस, त्यात पाठीमागे आईने मन्नत केलेली, रोजा सोडायला कोण तयार होणार? चाचा खोलीत जाऊन विचारायचे आणि सगळे चटईकडे बघायचे.

पहिल्या दिवशी आले ते एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, "मी एसटीत ओकलो. माझा तसाही गेला."

"ओकल्याने जात नाय," बरोबर आलेले चाचा म्हणाले.

म्हातारे त्यांच्याकडे बघत राहिले. "मग सांगायचा नव्हतास."

"नंतर कळला असता तर मला शिव्या दिल्या असत्यास."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे. "वाढ गो बाय," ते म्हणाले. "थंडीत दिवस लहान असतात. तेव्हा भरीन."

पुढे जे आले ते सगळे भिंतीकडे तोंड करून जेवले. मीही पाठ वळवून बसायचे. शेवंता दार ओढून घ्यायची. जेवण चालल्याचा आवाज फक्त यायचा. आषाढी एकादशीला मी भाताला हात लावत नाही, म्हणून पाहुण्यालाही वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. तो म्हणाला, "हा तुमचा रोजा?" मी म्हटलं, "उपास." त्याने ताट बघितलं. "यात तुम्ही सोडलंत काय?" मी त्याला आणखी आमटी वाढली.

त्या संध्याकाळी मी चाचांना म्हटलं, "चाचा, मी व्रत सोडते. माझ्या व्रतासाठी दुसऱ्यांचे रोजे मोडायचे, हे देवाला कसं सांगू?"

"देवाचा नंतर बघू. पुतळावहिनीला काय सांगशील?"

"मग एक करते. बाळंतपण झालं, पोर अंगावरून सुटलं, की या पाहुण्यांनी जितके रोजे सोडले तितके उपास मी करेन."

"आमच्यात ते धरत नाय."

"माझ्यात धरतात."

चाचा जिना उतरले. अर्ध्यावरून परत वर आले. "पाणीसुद्धा नाय पीत आम्ही, ठाऊक हाय ना?" मी म्हटलं, ठाऊक आहे. "बरा," म्हणाले आणि गेले.

ईद जवळ आली आणि उलटंच झालं. गावाहून येणारं कुणी उरलं नाही, सगळी गावाला निघाली. ज्यांचा व्हिसा झाला ती उडाली, ज्यांचा नव्हता ती ईदला घरी. जमातीची खोली झाडून रिकामी झाली. एक दुपार कुणी आलं नाही. चाचा त्या दिवशी वाटपाच्या कामात होते, त्यांना वाटलं आदल्या दिवशी उतरलेला माणूस आला असेल. तो सकाळच्या गाडीने निघून गेला होता. मी सांगायला पाठवलं नाही. रोजेदार माणसाला किती पळवायचं?

दुसऱ्या दिवशी तुळशीला पाणी घालताना एका कुंडीच्या दोन दिसल्या. शेवंताने मला धरून आत आणलं आणि ती तशीच मागे जमातीत गेली.

चाचा आले ते एकटेच. ओठ सुकलेले, छत्री स्वतःच्याच हातात. चूल पेटलेली होती, पान मांडलेलं होतं.

"काल कोण आला नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणि सांगितलं नाहीस."

दौलत भिंतीला टेकून उभे होते. "मी नाक्यावर जातो," ते म्हणाले.

"मार खाऊन येशील," शेवंता म्हणाली. मग चाचांकडे वळली. "चाचा, तुम्ही तरी सांगा हिला. दोन घास खा म्हणावं. नाहीतर तुम्हीच बसा पानावर."

"माझा आडनाव तिला तोंडपाठ हाय."

"मग नुसतं सांगा."

"मी सांगितला तर ऐकेल?"

शेवंताने माझ्याकडे बघितलं. "नाही."

"मग तोंड कशाला वाया घालवू? रोजा हाय."

ते उंबऱ्यावर बसले. खाली गल्लीत कुणीतरी संपाच्या सभेचं ओरडून सांगत होतं. पोटात बाळ हललं आणि थांबलं. मी पदराखाली हात ठेवून वाट बघितली. बराच वेळ काही नाही. मग एकदा हलकेच.

"या मुंबईत आत्ता," चाचा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "जेवून आलो असं ज्याला बोलता येणार नाय, असा माणूस कोण?"

शेवंताने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. त्यांनीच उत्तर दिलं.

"एसटीतून उतरलेला. रात्रभर गाडीत बसलेला. कुठल्या पण गावचा." ते गुडघ्यावर हात देऊन उठले. "परळच्या डेपोवर दुपारची गाडी लागते. रत्नागिरीची नाय तर साताऱ्याची."

"चाचा, रोजात एवढं चालणार तुम्ही?" दौलत म्हणाले. "मी जातो ना."

"तुझ्याकडे छत्री नाय."

"छत्री द्या."

"आणि शब्द जमातीचा होता. तुझा नव्हता." त्यांनी चपला पायात सरकवल्या. मग थांबले. "आज भाजी काय केलीयस?"

"वालाची उसळ," मी म्हटलं. "आणि भात."

"सांगायला लागेल. उतरलेल्या माणसाला नुसता चल म्हटलं तर घाबरेल."

ते जिना उतरले. मी खिडकीशी गेले. पावसाने उघडीप दिली होती तरी गल्लीत पाणी साचलं होतं. ते कडेकडेने, भिंतीला हात लावत, पाणी चुकवत चालले होते. कोपऱ्यावर नाखवांच्या दुकानापाशी कुणीतरी त्यांना बसायला बाकडं पुढे केलं. त्यांनी मान हलवली, छत्री दुसऱ्या काखेत घेतली आणि परळच्या दिशेला वळले.